एका दिवसात राजगड: वाट, वेळ आणि काय सोडायचं

राजगड एका दिवसात होतो, पण अख्खा होत नाही. निघायच्या आधी एवढं मान्य केलं की पुढचं नियोजन सोपं जातं. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या तटबंदी केलेल्या सपाट सोंडा, आणि त्यांच्या मधोमध उभा बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यात उंच भाग, असा हा पसारा आहे. त्यात संजीवनी माची एकटीच सुमारे अडीच किलोमीटर लांब. चारही ठिकाणी पाय लावून संध्याकाळी खाली उतरणारे आहेत, पण त्यात पाहणं कमी आणि पळणं जास्त होतं. पुरातत्त्व विभागाने गडावर रात्री राहायला मनाई केल्यापासून पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून दोन दिवसांत गड बघायची सोयही उरलेली नाही. म्हणून पहिल्या खेपेचं गणित असं ठेवा: पद्मावती माची, बालेकिल्ला आणि सुवेळा किंवा संजीवनी यांपैकी एकच माची. दुसरी पुढच्या खेपेला.

कुठली माची हा प्रश्न कुठल्या वाटेने चढणार यावर बराचसा सुटतो, म्हणून आधी वाटा.

गुंजवण्याची वाट की पालीची

पुण्याकडून येणारे बहुतेक लोक गुंजवणे गावातून चढतात आणि चोर दरवाजाने पद्मावती माचीवर येतात. चढाईला सव्वादोन ते अडीच तास धरा. सुरुवातीला गावामागून वाट सोंडेवर चढते. मधे सपाटीचे दोन-तीन टप्पे येतात, तिथे दम खाता येतो. शेवटचा टप्पा मात्र अंगावर येणारा आहे: उभा चढ, खडकातल्या पावठ्या, म्हणजे पाय ठेवायला खोदलेल्या खोबणी, आणि लोखंडी रेलिंग. वर पोचताना वाकून आत शिरावं लागतं इतका दरवाजा लहान आहे, आणि आत आलं की पद्मावती तळं समोरच. एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो अशा जागा इथे आहेत. रविवारी नऊनंतर इथे खोळंबा होतोच. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की अर्धा-पाऊण तास रेलिंग धरून उभं राहण्यात जातो.

पालीची वाट हा जुना राजमार्ग. वाजेघर-पाल बाजूने पायऱ्यांची चढण आहे, अडीच ते तीन तास लागतात. लांब आहे पण धास्तीची नाही. लहान मुलं, साठीच्या पुढची माणसं किंवा उंचीची भीती असलेलं कुणी बरोबर असेल तर दुसरा विचार न करता हीच वाट घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना उतरताना पायऱ्या त्रास देतात, हे खरं. त्यांनी काठी घ्यावी आणि पायरीवर पाऊल तिरकं टाकावं.

गुंजवणे दरवाजाने आणि अळू दरवाजाने येणाऱ्या वाटाही आहेत. गुंजवणे दरवाजाची वाट रानातून जाते, मोडलेली आहे आणि फसवते. गावातला माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. अळू दरवाजाची वाट भुतोंड्याकडून येते. भोर, भाटघर बाजूने येणाऱ्यांना ती सोयीची, पुण्याहून मात्र लांबचा फेरा पडतो.

गुंजवण्याकडून चढलात तर सुवेळा माची घ्या. पालीकडून चढलात तर संजीवनी. चोर दरवाजाने चढून पालीने उतरायचा मोह होतो. तो करायचा असेल तर गाडी चालकाबरोबर आणा, नाहीतर तुम्ही एका गावात आणि गाडी दुसऱ्या, मधे सगळ्या डोंगराला रस्त्याने मोठा वळसा, अशी अवस्था होते. दमलेल्या पायांनी संध्याकाळी गाडी शोधत फिरणं वाईट.

पोचायचं कसं

पुणे-सातारा महामार्गाने कात्रज आणि खेड शिवापूर टाकून नसरापूरच्या चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं. नसरापूर गावातून मार्गासनी, तिथून साखरमार्गे गुंजवणे. पालीसाठी मार्गासनीवरून वेल्ह्याच्या रस्त्यानेच पुढे जाऊन वाजेघरकडे वळायचं. स्वारगेटपासून गुंजवणे साठ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. पहाटे दीड तास पुरतो, शनिवारी सकाळी आठ वाजता निघालात तर कात्रजलाच तेवढा जाईल.

सिंहगडाच्या पायथ्याकडून खानापूर आणि पाबे घाटातून वेल्ह्याला उतरणारा रस्ताही आहे. दिसायला सुंदर, पण चढ तीव्र आणि वळणं अवघड. पावसाळ्यात त्या घाटात दरड आणि चिखल असतो, म्हणून जून ते सप्टेंबर नसरापूरचाच रस्ता बरा.

एसटीने जायचं तर स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी पकडून मार्गासनीला उतरायचं आणि पुढे वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी खाजगी गाडी, बघायचं. एका दिवसाच्या सहलीला हा मार्ग तसा अवघडच. पहिल्या गाडीने आलात तरी चढायला सुरुवात नऊच्या पुढेच होते आणि परतीची वेळ गाडीच्या वेळेला बांधली जाते. एसटीशिवाय गत्यंतर नसेल तर माची सोडा, पद्मावती आणि बालेकिल्ला एवढंच ठरवा. वडापवाल्याला सकाळीच परतीची वेळ सांगून त्याचा फोन नंबर घ्या. संध्याकाळी पाचनंतर साखर-गुंजवणे रस्त्यावर गाडी मिळेल याची खात्री नसते.

इंधन महामार्गावरच भरा. रोख पैसे, तेही दहा, वीस, पन्नासच्या नोटांत, जवळ ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, तेव्हा फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा स्वच्छ असते. बालेकिल्ल्यावरून पश्चिमेला तोरणा, उत्तरेला सिंहगड, पूर्वेला पुरंदर-वज्रगड नीट ओळखू येतात. गवत मात्र डिसेंबरपासून वाळतं आणि उतारावर बुटाखालून सटकतं.

मार्च ते मे चढू नये असं नाही, पण घड्याळ बदलावं लागतं. दहाच्या आत बालेकिल्ला बघून व्हायला हवा. संजीवनी माचीवर सावली जवळपास नाही, उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर जायचं म्हणजे आजारी पडायचं. वाटेवर मुरमाचा घसारा झालेला असतो, तो उतरताना त्रास देतो. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात दुपारनंतर वळवाचे ढग येतात. वीज चमकायला लागली तर बालेकिल्ला आणि माचीची उघडी धार लगेच सोडा. लोखंडी रेलिंगला हात लावून उभं राहण्याची ती वेळ नव्हे.

पावसाळ्यात गड फार देखणा असतो आणि तेव्हाच सगळ्यात जास्त अपघात होण्याजोगाही. चोर दरवाजाखालचा टप्पा आणि बालेकिल्ल्याची चढण या दोन्ही ठिकाणी खडकावर शेवाळ धरतं. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी सुवेळा-संजीवनीकडच्या वाटा चुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर पालीने चढा, पद्मावती माची बघा आणि पाऊस धरलेला असेल तर बालेकिल्ला सोडून द्या. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द. जोरदार पावसात प्रशासन अनेकदा गडांवर बंदीही घालतं.

जमत असेल तर आठवड्याचा मधला वार धरा. रविवारच्या आणि मंगळवारच्या राजगडात फार फरक आहे.

घड्याळ

हिवाळ्यातला एक दिवस, गुंजवण्याहून, धडधाकट पण सराव नसलेला सहा-आठ जणांचा गट, असं धरून:

पहाटे ४:४५ ला पुण्यातून निघा. ६:३० पर्यंत गुंजवण्यात. गाडी गावात लावा, शेताच्या बांधावर किंवा कुणाच्या दारात नको. चहा, बाटल्या भरणं, बुटाच्या नाड्या, यात वीस मिनिटं जातात. ६:५० ला चढायला लागलात तर सवानऊला चोर दरवाजा.

इथे बहुतेक गट तळ्याकाठी बसतात, नाश्ता उघडतात आणि तासभर हलत नाहीत. तसं करू नका. दहा मिनिटं पाणी प्या, मूठभर शेंगदाणे-गूळ खा आणि थेट बालेकिल्ल्याकडे निघा. मागून येणारी गर्दी नाश्ता करून उठेल तेव्हा तुम्ही वर पोचलेले असाल. बालेकिल्ल्याची चढण अरुंद आहे, तिथली रांग टाळण्याचा दुसरा उपाय नाही.

पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याचा पायथा वीस-पंचवीस मिनिटं, वर चढायला अर्धा तास. सव्वादहाला वर. पाऊण तास बघा, साडेअकरापर्यंत पुन्हा पायथ्याशी. तिथून सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) पाऊण तासाच्या आत, येण्याजाण्यात आणि बघण्यात पावणेदोन ते दोन तास. दीडपर्यंत पद्मावती माचीवर परत. मग निवांत जेवण, देवळं, समाधी, तळं. पावणेतीनला उतरायला सुरुवात, पाचच्या आत गावात.

पालीने चढून संजीवनी घेणार असाल तर माचीला अडीच तास लागतात, म्हणजे उतरायला सव्वातीन-साडेतीन वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, रानातल्या वाटेवर अंधार त्याआधीच दाटतो. तेव्हा एक वेळ पक्की ठरवून सगळ्यांना सांगा: साडेतीन वाजता जिथे असू तिथून परत, माचीचं टोक दोनशे पावलांवर असलं तरी. गडावर अडकलेल्या गटांची सुरुवात जवळजवळ नेहमी "आलोच आहोत तर तेवढं बघून जाऊ" या वाक्याने होते.

वर काय आणि कसं बघायचं

हा गड मूळचा मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजी महाराजांनी तो बांधून काढला आणि राजधानी रायगडावर जाईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षं राज्याचा कारभार इथून चालला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आहे. पण वर गेल्यावर डोळ्यांना दिसतात ती जोती, तटाचे पट्टे, तळी आणि दरवाजे. महालांच्या भिंती उरलेल्या नाहीत. म्हणून काय शोधायचं हे ठाऊक असावं लागतं.

पद्मावती माची ही गडाची वस्ती. सगळ्यात जास्त जोती इथेच दिसतात. पद्मावती देवीचं मंदिर, रामेश्वराचं मंदिर, तळं आणि मंदिरासमोर सईबाईंची समाधी. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी याच गडावर वारल्या, अफझलखानाच्या भेटीआधी दोन महिने. राजाराम महाराजांचा जन्मही राजगडावरचाच, २४ फेब्रुवारी १६७०. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा राखले. राखलेल्यांत राजगड होता, आणि आग्र्याहून सुटल्यावर महाराज परतले तेही इथेच. समाधीपाशी बूट काढा, दगडावर बसून डबा उघडू नका.

पालीने आलात तर दरवाजेच मुळात घाई न करता बघण्यासारखे आहेत. पहिला दरवाजा अंबारीसकट हत्ती आत येईल इतका उंच आणि रुंद. त्यातून सुमारे दोनशे मीटर पुढे दुसरा, बुरुजांच्या कवेत. या मधल्या वाटेवर थांबून मान वर करा: पहिला दरवाजा पडला तरी आत आलेला शत्रू पूर्ण वेळ वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. दुसऱ्या दरवाजावरच्या परकोटातले गोल झरोके तोफांसाठी आहेत. आत शिरल्यावर दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. देवडीत क्षणभर बसलं की दरवाजाचा उंबरा आणि वाट किती नेमकी नजरेत येते ते कळतं.

बालेकिल्ल्याची चढण ही दिवसातली सर्वांत जपून करायची गोष्ट. पाठीला पिशवी असेल तर कमरेचा पट्टा आवळा, हातात काहीही नको. पायरीचा दगड घासून गुळगुळीत झालेला असतो; पाय पायरीच्या आतल्या बाजूला, खडकाला लागून टाका. उतरताना तोंड खडकाकडे करून उतरायला लाजू नका. चढण संपते ती थेट महादरवाजात. दरवाजा सुमारे सहा मीटर उंच आणि अजून चांगल्या स्थितीत आहे, वर कमळ आणि स्वस्तिक कोरलेलं आहे. अफझलखानाचं शीर इथे पुरल्याचं परंपरेने सांगतात. आत गेल्यावर जननीचं मंदिर, पुढे चंद्रतळं, तळ्यासमोर उत्तर बुरूज. सगळ्यात वरच्या भागात वाड्याची जोती आहेत. उत्तर बुरुजावर उभं राहिलं की पद्मावती माची पायाखाली पसरलेली दिसते आणि तुम्ही आलात ती वाट, तळं, देवळं एकमेकांना कशी जोडली आहेत ते एका नजरेत उलगडतं. गडाचा नकाशा डोक्यात बसवायला याहून चांगली जागा नाही. इथे पंधरा मिनिटं द्या.

सुवेळा माची पूर्वेकडे जाते. वाटेत गुंजवणे दरवाजाकडे उतरणारी वाट लागते. तीन दरवाजे एकामागोमाग एक असलेली ती मालिका वरच्या बाजूने बघून परत फिरा. माचीच्या मधोमध कातळाचा मोठा उंचवटा आहे आणि त्यात आरपार पडलेलं भोक, तेच नेढं. वर चढायला थोडं खडकातून जावं लागतं. आत वारा असा भरतो की टोपी, चश्मा, फोन हातातून जातो. नेढ्यापर्यंत जाऊन परतलात तरी पुरे. पुढच्या टोकाचे चिलखती, म्हणजे दुहेरी बुरूज बघायचे असतील तर अर्धा तास वाढवा.

संजीवनी माची नैर्ऋत्येला, तोरण्याच्या दिशेने जाते. ती तीन टप्प्यांत उतरत जाते आणि तिची तटबंदी दुहेरी आहे. दुर्गबांधणीत रस असेल तर पहिल्या खेपेलाही मी संजीवनीच सुचवेन, कारण असं काम दुसरीकडे सहज बघायला मिळत नाही. आतल्या तटाला जागोजाग दिंड्या, म्हणजे लहान दरवाजे आहेत. एखाद्या दिंडीपाशी बसून आत डोकावा: अरुंद पायऱ्या खाली वळतात आणि दोन तटांमधल्या बोळात उतरतात. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला तर त्याला या चिंचोळ्या पट्टीत वळायलाही जागा नाही आणि आतला तट तसाच उभा. चिलखती बुरुजाची कल्पनाही तीच. मूळ बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं आवरण, मधे माणूस जेमतेम जाईल एवढी फट. बोळात उतरायचं असेल तर आधी विजेरी मारून बघा. साप असू शकतात, पायऱ्यांचे दगडही सुटलेले असतात. एकाने उतरावं, बाकीच्यांनी वर थांबावं. वाटेत अळू दरवाजाला थोडं खाली उतरून जाता येतं. तो बराच ढासळला आहे, पण वाघाने सांबराला उताणं पाडल्याचं शिल्प तिथे आहे.

कुठेही तटाच्या बाहेरच्या कडेवर चढू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. भिंतीतला चुना शतकांच्या पावसात धुऊन गेला आहे, पिंपळ-उंबराच्या मुळ्यांनी चिरे आतून सैल झाले आहेत. वरून भक्कम दिसणारा दगड एका माणसाच्या वजनाने हलतो. त्यात माणूसही जातो आणि तटही.

पिशवीत काय

दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवीच हवी. एका खांद्याची झोळी बालेकिल्ल्यावर तोल घालवते.

पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. एक लिटर चढताना संपतं, एक माथ्यावर, एक उतरताना. हे तिसरं लिटर दुपारी दोनच्या आत संपवू नका. तळ्यांचं आणि टाक्यांचं पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नका. शनिवार-रविवारी गावातली माणसं वर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकायला बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, पण मधल्या वारी वर कुणीच नसेल असं धरून डबा बरोबर असू द्या. दशम्या, चटणी, काकडी, उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे हे उन्हात टिकतं. दहीभात किंवा अंडी दुपारपर्यंत बिघडतात.

जलसंजीवनीची दोन पाकिटं माणशी. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घातलं तर क्षारांचं प्रमाण वाढतं आणि उलटी होते.

बूट खाचदार रबरी तळव्याचे, आधी निदान दोन आठवडे वापरलेले. नवे बूट राजगडावर पहिल्यांदा घातले की उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. चढण्याआधी पायाची नखं कापा. मोजे लोकरी किंवा जाड सुती, एक जोड जास्तीचा.

डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाकडे एक, नवे सेल घालून. फोनची विजेरी धरली की एक हात अडकतो आणि बॅटरी संपली की हाकही मारता येत नाही. दहा सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, प्रत्येकाची रोजची औषधं, शिट्टी. कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या: केळीचं साल आणि बियासुद्धा खाली आणायच्या, कारण त्यावरच माकडं माणसांवर चालून यायला शिकतात.

काय बिघडतं

*मधमाश्या.* सह्याद्रीतल्या कातळकड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि नेढ्यासारख्या जागी जपायलाच हवं. अत्तर, उग्र वासाचं तेल, धूर, आरडाओरडा, दगड मारणं यांनी ती उठतात. उठलीच तर हातवारे न करता डोकं-तोंड कापडाने झाकून आलात त्याच वाटेने दूर व्हा, पण कड्याकडे धावू नका. पाण्यात उडी मारून उपयोग नसतो, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. कुणाला धाप लागली, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर तो माणूस तातडीने दवाखान्यात जायला हवा.

*साप.* दगडांच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी जागा काठीने आपटा. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तो अवयव फळी किंवा काठी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून आणा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला मदतीसाठी फोन करा. रेंज नसेल तर दोन जणांनी गावाकडे उतरावं. गावकऱ्यांना वाटा आणि कुठे रेंज येते हे दोन्ही ठाऊक असतं. जखमीजवळ किमान एक जण थांबलाच पाहिजे.

*गट फुटणं.* वेगवान पुढे, हळू मागे, मधे अर्धा किलोमीटर. वळणावर मागचे वेगळ्या पायवाटेला लागतात. उपाय एकच: सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा आणि अनुभवी माणूस सर्वांत मागे. प्रत्येक फाट्यावर डोकी मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

*पायात गोळे.* दुपारी उतरताना मांडी-पोटरीत येतात, कारण सकाळपासून नुसतं पाणी प्यायलेलं असतं, मीठ पोटात गेलेलं नसतं. थांबून ताण द्या, जलसंजीवनी घोट-घोट प्या, पंधरा मिनिटं बसा. दुखऱ्या पायाने तसंच उतरलं की घोटा मुरगळतो.

*नैसर्गिक विधी.* यावर कुणी बोलत नाही आणि मग सगळ्यांची, विशेषतः बायकांची अडचण होते. निघण्याआधी गावातल्या घरात किंवा खानावळीत विचारून सोय बघा, थोडे पैसे द्या. वर गेल्यावर तळी आणि टाकी यांच्या वरच्या उतारावर कधीही जाऊ नका.

उतरताना

चोर दरवाजाची वाट चढायला सोपी आणि उतरायला अवघड आहे, हे चढतानाच लक्षात ठेवा. कुणी घाबरलेलं दिसलं तर त्याला पालीने उतरवा. गाडी आणायला एक-दोघांनी गुंजवण्याला जावं, बाकीच्यांनी पालीच्या पायथ्याशी थांबावं. वेळ जाईल, पण चालेल. रेलिंगच्या टप्प्यावर दोन माणसांत तीन-चार पावठ्यांचं अंतर ठेवा, म्हणजे वरचा घसरला तर खालच्यावर येत नाही. पायाखालून दगड सुटला तर "दगड!" असं मोठ्याने ओरडा. काही रेलिंग खांबापाशी गंजलेलं असतं. त्याचा आधार घ्या, पण सगळं वजन त्यावर टाकू नका.

सोंडेच्या सपाटीवर आलं की पाय आपोआप सैल पडतात, आणि मुरगळणं बहुधा इथेच होतं. इथे पाच मिनिटं बसा, उरलेलं पाणी प्या, नाड्या पुन्हा आवळा, विजेऱ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात काढून ठेवा. गावात पोचल्यावर सगळी डोकी मोजा, सकाळी ज्यांना घरी बेत सांगून ठेवला होता त्यांना "खाली आलो" एवढा निरोप धाडा. चालक दिवसभर गड चढलेला असेल तर लगेच निघू नका. चहा घ्या, अर्धा तास पाय पसरा. मार्गासनी ते नसरापूर रस्त्याला अंधारात गुरं, बैलगाड्या आणि बिनदिव्याच्या दुचाक्या असतात, तिथे झोपाळलेल्या डोळ्यांनी गाडी चालवू नये.